डेस्कटॉपवरचे बदललेले आयकॉन परत मूळचे का होतात?

तुमचा प्रश्न असा: विंडोज ११वर ‘धिस पीसी’ आणि रिसायकल बिनचे आयकॉन बदलले, पण थीम बदलली की ते जुनेच दिसतात. शिवाय काही शॉर्टकट कोऱ्या पांढऱ्या कागदासारखे झालेत. ही दोन वेगळी दुखणी आहेत. विंडोज १०वरही हेच लागू पडेल.

आधी थीमचं. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, थीम्स आणि त्यात खाली ‘डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज’. त्या छोट्या खिडकीत तळाशी ‘अलाऊ थीम्स टू चेंज डेस्कटॉप आयकॉन्स’ अशी ओळ आहे. तिची टिक काढा, अप्लाय करा आणि मगच ‘चेंज आयकॉन’मधून हवे ते आयकॉन लावा. टिक तशीच राहिली तर पुढची थीम स्वतःचे आयकॉन आणून तुमचे पुसते. विंडोजचा मोठा अपडेट आला की ही टिक एकदा बघून घ्यावी.

आता पांढरे शॉर्टकट. यात मूळ गोष्ट ही की विंडोज तुमचं चित्र शॉर्टकटमध्ये साठवत नाही, फक्त त्या फाइलचा पत्ता लिहून ठेवतं. फाइल डाउनलोड्समध्ये होती आणि तुम्ही साफसफाई केली, पेनड्राइव्हचं अक्षर ‘ई’चं ‘एफ’ झालं, किंवा वनड्राइव्हने फाइल फक्त ऑनलाइन ठेवली, की पत्ता फसतो. म्हणून सी ड्राइव्हवर ‘आयकॉन्स’ नावाचा साधा फोल्डर करा, सगळ्या फाइली आधी तिथे हलवा, मग आयकॉन लावा. आयकॉन लावल्यावर फाइलचं नावही बदलू नका. फाइल खरोखर ‘आयको’ (.ico, आयकॉनसाठीचं खास) स्वरूपातली हवी. पीएनजीचं नुसतं एक्स्टेंशन बदलून काम होत नाही, कन्व्हर्टर वापरा आणि १६, ३२, ४८ आणि २५६ पिक्सेल हे चारही आकार एकाच फाइलमध्ये घाला. नाहीतर मोठ्या आकारात आयकॉन धूसर दिसतो.

एखाद्याच प्रोग्रामचा आयकॉन दर अपडेटनंतर उडत असेल, तर बहुधा त्याचा इन्स्टॉलर शॉर्टकट नव्याने लिहितो. स्वतःचा शॉर्टकट वेगळ्या नावाने करा आणि आयकॉन त्यालाच लावा. इन्स्टॉलरने आपला पुन्हा टाकलाच, तर तो डिलीट केला की झालं.

रिसायकल बिनची खोड निराळी: स्वतःचे आयकॉन लावले की भरलेला-रिकामा आयकॉन कधीकधी एफ ५ दाबेपर्यंत बदलत नाही. रेजिस्ट्री एडिटरमध्ये (विंडोजच्या आतल्या सेटिंग्ज बदलायचं साधन) एचकी करंट यूजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्सप्लोरर, सीएलएसआयडी असं जा. तिथे ६४५एफएफ०४०ने सुरू होणाऱ्या ‘की’खाली (रेजिस्ट्रीतला फोल्डर) ‘डिफॉल्ट आयकॉन’ सापडेल. त्यातल्या डिफॉल्ट, एम्प्टी आणि फुल या तिन्ही नोंदींच्या शेवटी स्वल्पविराम आणि शून्य हवं. नसेल तिथे जोडा. त्याआधी ती ‘की’ एक्स्पोर्ट करून ठेवा.

पत्ता बरोबर असूनही चुकीचंच चित्र दिसत असेल, तर बहुधा आयकॉन कॅश, म्हणजे विंडोजने साठवून ठेवलेल्या आयकॉन-चित्रांची फाइल, बिघडली आहे. व्ह्यूमधून ‘हिडन आयटम्स’ चालू करा आणि यूजर्समधल्या तुमच्या फोल्डरमधून ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, एक्सप्लोरर इथे पोहोचा. ॲड्रेस बारमध्ये इंग्रजीत ‘सीएमडी’ लिहून एंटर दाबा, कमांड लिहायची काळी खिडकी उघडेल. आता टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमधून एक्सप्लोरर बंद करा, कारण तो चालू असताना या फाइली अडकलेल्या असतात. काळ्या खिडकीत इंग्रजी अक्षरांत ‘डीईएल’, एक स्पेस, ‘आयकॉनकॅश’ आणि लगेच तारांकन (*) लिहून एंटर करा. मग टास्क मॅनेजरच्या ‘रन न्यू टास्क’मधून एक्सप्लोरर परत सुरू करा, कॅश आपोआप नव्याने बनते. थम्बकॅश नावाच्या फाइलींना मात्र हात लावायची गरज नाही, त्या फोटोंच्या छोट्या चित्रांच्या आहेत.