पहिल्यांदाच एकटं निघताय? हॉटेल निवडताना एवढं बघा

आधी जागा बघा, खोली नंतर. मेट्रो किंवा रेल्वे स्टेशनपासून चालत १० मिनिटांच्या आतलं हॉटेल थोडं महाग पडलं तरी घ्या. लांबच्या स्वस्त हॉटेलात वाचलेले पैसे रात्रीच्या टॅक्सीतच जातात. स्टेशन ते हॉटेल हा रस्ता गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूवर नीट पाहून ठेवा: दुकानं आहेत का, दिवे आहेत का. मी एकदा हे केलं नाही आणि रात्री ११ वाजता सामान ओढत सुनसान गल्लीतून जावं लागलं. ती धास्ती अजून आठवते, म्हणून इतकं कळकळीने सांगतेय.

रिव्ह्यू वाचताना नुसते स्टार मोजू नका; अलीकडचे, त्यातही एकट्याने राहिलेल्यांचे वाचा. रिसेप्शनवर रात्रभर माणूस असतो का, हे फोन करूनच विचारा. खोली तळमजल्यावर नको, फार वरही नको. आग लागली तर अग्निशमन दलाची शिडी मोजक्याच मजल्यांपर्यंत पोहोचते. दाराला आतून कडी हवीच. काउंटरवर कुणी तुमचा खोली नंबर सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगितला, तर खोली बदलून मागा, अजिबात संकोचू नका. आणि बुकिंग फुकट रद्द करता येईल असंच करा.