मुलीच्या सरांना परत फोन करू नका

तुमचं पत्र मिळालं. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुम्ही भांडुपला राहता, मुलगी 25 वर्षांची, मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी, आणि दीड वर्षापासून मुंबईतल्याच एका विद्यापीठात एका सरांच्या प्रोजेक्टवर कॉन्ट्रॅक्टने काम करते. सध्या सरकारी रिसर्च फंडिंगची एक आरएफपी आलीय, म्हणजे विद्यापीठांकडून प्रस्ताव मागवलेत, आणि त्याच्या तयारीत ती महिनाभर इतकी अडकलीय की रात्री दहाच्या लोकलने घरी येते, रविवारीही लॅपटॉप उघडाच. तुमचं म्हणणं, लॅब सोडून पोरगी कारकुनी करतेय, फॉर्म भरतेय, त्यापेक्षा राजीनामा देऊन दादरला बँकेचा क्लास लावलेला बरा. क्लासची फीसुद्धा तुम्ही भरून टाकलीत, आणि मला प्रश्न एवढाच विचारलाय की बँक बरी की एमपीएससी.

त्या प्रश्नाकडे येते, पण पत्रात मधेच तुम्ही अगदी सहज एक गोष्ट सांगून टाकलीय आणि माझं डोकं तिथेच अडकलं. तिला न सांगता तुम्ही तिच्या सरांना फोन केलात, हिला परमनंट कधी करणार आणि रात्री उशिरापर्यंत का थांबवता असं विचारलंत. पुढे लिहिता की तेव्हापासून ती घरात धड बोलत नाही आणि कारण कळत नाही.

अहो, कारण तो फोनच आहे. सबमिशनच्या ऐन धावपळीत जिच्याकडे बजेटचं काम सोपवलंय त्या मुलीचे वडील फोन करून तक्रार करतात, तर दुसऱ्या दिवशी सर तिला पुढचं जबाबदारीचं काम देताना दहा वेळा विचार करतील की नाही? आणि टीममधल्या बाकीच्यांना हे कळल्याशिवाय राहिलं असेल का? शिवाय तुमचा प्रश्न ज्यांना विचारलात त्यांच्या हातातच ते नाही. प्रोजेक्टवरची जागा प्रोजेक्टबरोबर संपते, विद्यापीठातली कायम जागा जाहिरात आणि निवड समितीतून भरली जाते, कुठलेच सर कुणाला असं परमनंट करू शकत नाहीत. म्हणजे तुमच्या हाती काहीच लागलं नाही आणि किंमत तिने मोजली. दोन पानी पत्रात पुतण्याचा बँकेतला पगार आहे, नातेवाईक काय विचारतात ते आहे, दोन वर्षांनी होणारी तुमची रिटायरमेंट आहे. मुलीला काय हवंय याची एक ओळ नाही. मी तीनदा शोधली. तुम्ही तिला विचारलंच नसेल अशी मला शंका आहे, आणि विचारलं असेल तर तिचं उत्तर तुम्हाला लिहिण्यासारखं वाटलं नाही, हे जास्त वाईट.

कॉन्ट्रॅक्टची भीती मात्र तुमची खरी आहे, ती मी खोडून काढणार नाही. पण नोकरीची शाश्वती नाही म्हणजे कामाला किंमत नाही, ही जी गाठ तुम्ही मारलीय ती सोडवायला हवी.

फॉर्म भरण्याचंच घ्या. तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी आहात आणि रिडेव्हलपमेंटचं टेंडर काढताय असं लिहिलंय, म्हणून त्यातूनच सांगते. तुम्ही अटी ठरवता, बिल्डर ऑफर देतात, पीएमसी, म्हणजे तुम्ही नेमलेला प्रोजेक्ट सल्लागार, त्यांची तुलना करतो, आणि महत्त्वाचा कागद नसला की भल्याभल्यांची ऑफर बाजूला पडते. इथे फंडिंग देणारे तुमच्या सोसायटीच्या जागी आहेत आणि विद्यापीठ ऑफर देणाऱ्याच्या. आरएफपीतली प्रत्येक 'हे हवंच' अशी अट वेगळी काढून एक्सेलमध्ये टाकायची, समोर कोण लिहिणार, कधी देणार, कुठल्या पानावर उत्तर येणार. कशाला किती मार्क आहेत ते बघून पानं वाटायची, कारण पानांनाही मर्यादा असते. मग बजेट: माणसांचे पगार, उपकरणं आणि त्यांची कोटेशनं, केमिकल्स, प्रवास, कंटिन्जन्सी म्हणजे किरकोळ-अचानक खर्च, ओव्हरहेड म्हणजे संस्थेचा वाटा. मेथडमध्ये लिहिलंय की मिठी नदीतून पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात पाण्याचे नमुने घेणार आणि बजेटमध्ये नमुने आणायच्या गाडीचे पैसेच धरलेले नाहीत, की रिव्ह्यूअरला लगेच कळतं यांनी कामाचा विचारच केलेला नाही. दुसऱ्या संस्थेचे को-पीआय, म्हणजे सह-प्रमुख संशोधक, असतील तर त्यांची संमतीपत्रं, माणसांवरचा अभ्यास असेल तर एथिक्स कमिटी, आणि शेवटी संस्थाप्रमुखांच्या सहीचं एन्डोर्समेंट, ज्याची फाइल चार टेबलांवरून फिरते. हे सायन्स न कळणाऱ्याला जमत नाही, आणि नुसतं सायन्स कळणाऱ्यालाही जमत नाही. याला कारकुनी म्हणणं मला अजिबात पटत नाही.

आणि हे काम वाढतंय. 2023 च्या कायद्याने रिसर्चला पैसे देणारं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं, आधी हेच काम करणारं केंद्राचं एसईआरबी मंडळ त्यात विलीन झालं, पाच वर्षांत 50,000 कोटी उभे करायचं ठरलं आणि त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून यायचाय. त्यांच्या पेअर योजनेत एक बळकट संस्था हब, म्हणजे मध्यवर्ती, आणि राज्य विद्यापीठांसारख्या बाकीच्या तिला जोडलेल्या स्पोक, म्हणजे एकाच प्रस्तावात किती संस्थांचे आकडे आणि सह्या जुळवायच्या बघा. यूजीसीने 2022 मध्ये विद्यापीठं-कॉलेजांसाठी आर अँड डी सेलच्या, म्हणजे रिसर्च सांभाळणाऱ्या कक्षाच्या, गाइडलाइन्स काढल्या, पवईच्या आयआयटीत तर स्पॉन्सर्ड रिसर्च सांभाळायला आयआरसीसी नावाचं वेगळं ऑफिसच आहे. रिसर्च मॅनेजमेंट हे आता करिअर आहे. राज्य विद्यापीठांत याच्या कायम जागा फार कमी आहेत, हेही तितकंच खरं.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे: बँक ऑफिसरच्या आयबीपीएस पीओ परीक्षेला 30 पर्यंत आणि एमपीएससीच्या राज्यसेवेला खुल्या गटातून 38 पर्यंत वय चालतं, ती 25 ची आहे, दोन्ही दारं उघडी आहेत, या महिन्यात राजीनामा द्यायचं काहीही कारण नाही.

आता पुढचं तुमच्या मुलीसाठी लिहितेय, तिला वाचायला द्या, आणि देताना फोनबद्दल सॉरी म्हणा.

बाळा, काम चांगलं करतेस पण स्वतःचे कागद कच्चे ठेवू नकोस. तुझं सध्याचं कॉन्ट्रॅक्ट कधी संपतंय ते तारखेसकट माहीत असू दे, कारण प्रस्ताव पाठवल्यापासून मंजुरी आणि पैसे यायला कित्येक महिने जातात आणि नकारही येऊ शकतो, तेवढा काळ तुझा पगार कुठून निघणार हे सरांना सरळ विचार, यात लाजण्यासारखं काही नाही. को-पीआय व्हायला बहुतेक ठिकाणी नियमित नोकरी लागते त्यामुळे ते नाव मिळणार नाही, पण तू नेमकं काय केलंस याचं लेटरहेडवरचं पत्र मागून घे. रोज दहा वाजत असतील तर कुणीतरी आपला भाग वेळेत देत नाहीये आणि त्यांचं तू लिहितेयस. सगळ्यांचे भाग डेडलाइनच्या आठवडाभर आधी आले पाहिजेत आणि सहीची फाइल त्याच्याही आधी फिरायला लागली पाहिजे, हे तू मीटिंगमध्ये बोललं पाहिजेस. पोर्टल शेवटच्या दिवशी हँग झालं की दोष सगळ्यात ज्युनिअर माणसावर येतो.

आणि नेट दे. त्यातून मिळणारी जेआरएफ, म्हणजे रिसर्चची फेलोशिप, जानेवारी 2023 पासून महिना 37,000 आहे, ती तुझ्या नावाची असते, एका सरांच्या एका ग्रँटवर तुझं घर अवलंबून राहत नाही आणि पीएचडीचा रस्ता सोपा होतो. पीएचडी नकोच असेल आणि याच कामात पुढे जायचं असेल तर ग्रँट मिळाल्यानंतरची बाजूही शिकून घे, जीएफआर 2017 या केंद्राच्या वित्त नियमांमधलं 12-अ नमुन्याचं युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले याचा दाखला, शिल्लक पैसे आणि व्याज परत कसं करतात, खर्च एका हेडमधून, म्हणजे बजेटच्या एका सदरातून, दुसऱ्यात न्यायला परवानगी कुणाची लागते. हे येणारी माणसं फार थोडी आहेत, आणि ज्यांना येतं त्यांना विभाग सहज सोडत नाही.

बाबा, तुम्ही एवढंच करा. क्लासवाल्यांना उद्या फोन करून ॲडमिशन पुढच्या बॅचला ढकलून मागा. सबमिशन झालं, तिची दोन दिवस झोप झाली, की तिला विचारा की तुला जायचंय का. नाही म्हणाली तर फी गेली समजा आणि विषय तिथेच सोडा.