सोलापूरहून आम्ही चार मित्र दिवाळीच्या सुट्टीत थायलंडला हुआ हिनला गोल्फ ट्रिप करतोय. पाच दिवसांत पाच राउंड बसतील का? खर्च किती, टिप वगैरे किती धरावी?

तुमच्या प्रश्नातल्या "टिप वगैरे" ह्या दोन शब्दांसाठी लिहायला बसलोय, नाहीतर मी इथं नुसता वाचून जाणारा माणूस. पण आधी जे विचारलंय ते उरकतो.

पाच दिवसांत पाच राउंड (एक राउंड म्हणजे 18 होल) बसतात, पण बसवू नका. रात्रीचं विमान करून बँकॉकला उतरणार, तिथनं तीन तास गाडीत, वर घड्याळ दीड तास पुढं, म्हणजे तिथला सकाळी सातचा टी टाइम, खेळ सुरू करायची वेळ, म्हणजे आपले साडेपाच. आम्ही हौसेनं पाचही बुक केले होते आणि चौथ्या दिवशी आमच्यातल्या एकाची कंबर अशी धरली की तो दिवसभर कार्टमध्ये बसून आमचे चेंडू मोजत होता, ग्रीन फी, म्हणजे कोर्सवर खेळायचे पैसे, भरलेली ती गेलीच. चार ठेवा, मधे एक दिवस मोकळा सोडा.

आणि दिवाळीत नका जाऊ. कारखाना बंद असतो म्हणून सोपं पडतं, मलाही कळतंय, पण ऑक्टोबर हा तिथला सगळ्यात जास्त पावसाचा महिना आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीचाही भरवसा नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी खरा सीझन. आम्ही जानेवारीत गेलो, त्यात गड्डा, आपली सिद्धेश्वराची जत्रा, चुकला, आई अजून बोलते.

कोर्सचं म्हणाल तर रॉयल हुआ हिन नक्की खेळा. 1924 चा आहे, थायलंडमधला सगळ्यात जुना धरतात, जुन्या लाकडी रेल्वे स्टेशनच्या अगदी मागं, आणि आखलाय तो तिकडच्या रेल्वेत असलेल्या एका स्कॉटिश इंजिनिअरनं. मी सोलापूरच्या रेल्वे लाईन्स वस्तीत वाढलेलो, मला तिथं उगीचच घरच्यासारखं वाटलं. माकडं आहेत, केळी कार्टमध्ये ठेवू नका. ब्लॅक माउंटन एकदा करा, तिथं 2015 आणि 2016 ला युरोपियन टूरची स्पर्धा झालीय, त्यामुळं आपलं स्कोअरकार्ड खिशातच राहू द्या. चा-आमकडचा स्प्रिंगफील्ड जॅक निकलसनं डिझाइन केलेला आहे. शनिवार-रविवार सोडून खेळलात तर पैसे वाचतात. किट भाड्यानं मिळतं, पण कोणी डावखुरा असेल तर त्यानं आपलं न्यावं.

आता टिप.

आमच्या चौघांतला एक सूताचा व्यापारी. नाव घेत नाही, सोलापूर एवढंसं, तुम्ही लगेच ओळखाल. शाळेपासनं एका बाकावरचे आम्ही. माझा टेरी टॉवेलचा कारखाना आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत, 16 लूम. गोल्फ मी पंचेचाळिशीनंतर शिकलो, पुण्यातल्या एका एक्सपोर्टवाल्यानं नाद लावला आणि मग कारखान्याच्या गच्चीवर दोरीला जुन्या चादरी टांगून त्यावर चेंडू मारायचो, सोलापुरी चादर सात नंबरच्या आयर्नचा (लोखंडी डोक्याच्या काठीचा) फटका बिनबोभाट झेलते हे कुणाला माहीत नसेल तर सांगून ठेवतो. तर ट्रिपला जाताना मी दोन डझन गोल्फ टॉवेल सॅम्पल म्हणून बॅगेत टाकले होते, तिकडच्या दुकानांत दाखवावेत म्हणून. नेव्ही ब्लू, 450 जीएसएम म्हणजे चौरस मीटरला 450 ग्रॅमचे, तिहेरी घडीचे, वरच्या कडेला पितळी आयलेट, म्हणजे भोकाला बसवलेली कडी, आणि त्यात हूक. स्वतः उभं राहून काढून घेतलेला माल.

तिकडं कॅडी, म्हणजे बॅग सांभाळणारी मदतनीस, घ्यावीच लागते, माणशी एक, आणि बहुतेक सगळ्या बायका. उन्हासाठी पूर्ण बाह्या, तोंडावर कापड, वर रुंद टोपी, दिसतात ते फक्त डोळे. माझ्या मित्राला मिळालेली बाई पन्नाशीची असेल. त्याला ग्रीन वाचता, म्हणजे भोकाजवळच्या हिरवळीचा उतार ओळखता, येत नाही, येत नाही हे मान्यही नाही. ती प्रत्येक पटला, भोकात घालायच्या हलक्या फटक्याला, खाली बसायची, चेंडूवरची रेघ बरोबर दिशेला फिरवून ठेवायची आणि दोन बोटं दाखवून म्हणायची, "टू कप, लेफ्ट," म्हणजे दोन भोकांच्या रुंदीइतकं डावीकडं. ह्यानं ऐकलं की चेंडू आत, नाही ऐकलं की बाहेर. त्या दिवशी गड्यानं 97 फटक्यांत राउंड संपवला, आयुष्यात पहिल्यांदा शंभरच्या आत, त्यात निदान सात-आठ फटके त्या बाईनं वाचवलेले. पाण्यातनं दोन चेंडूही काढून दिले.

राउंड संपला, आम्ही तिघांनी आपापल्या कॅडीला 350-350 बाट (तिकडचं चलन) दिले. ह्यानं माझ्या बॅगेतनं एक टॉवेल काढला, दोन्ही हातांनी तिला दिला, "इंडिया, सोलापूर, बेस्ट" म्हणाला आणि चालायला लागला. बाईनं हात जोडले, हसली, आणि तिथंच उभी राहिली. तिला वाटलं पैसे यायचेत अजून.

मी म्हटलं, टिप दे की बे. म्हणाला, "टॉवेल दिला की. असला टॉवेल इथं दुकानात हजार बाटला असंल." म्हटलं अरे टॉवेल माझा आहे. तर म्हणतो, "मग तुझीच जाहिरात केली की."

ह्या माणसाला मागं एका पार्टीनं सुताच्या बिलाच्या बदल्यात चादरी दिल्या होत्या. वर्षभर बोंबलत होता, चादरी काय खाऊ का म्हणून. तिथं कॅडीची फी आपण क्लबच्या बिलात भरतो खरी, पण तिच्या घरी जे जातं ते मुख्यतः टिपचं. नंबर लावून बसलेल्या असतात, दिवसाला बहुधा एकच बॅग वाट्याला येते. लूमवरच्या माणसाला मीटरवर मिळणाऱ्या मजुरीऐवजी तूच हे कापड घेऊन जा म्हणून बघा, संध्याकाळपर्यंत लूम बंद.

मी परत गेलो, तिच्या हातात 400 बाट ठेवले. मित्रानं गाडीतनं बघितलं. परतीच्या वाटेत एक शब्द नाही, मग हॉटेलच्या दारात म्हणाला, "तू मला परदेशात भिकारी केलंस." त्यावर मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

शेवटच्या दिवशी परत त्याच कोर्सवर होतो. ती बाई कुणा दुसऱ्याच्या बॅगेबरोबर चाललेली, आणि बॅगेला आपला नेव्ही ब्लू टॉवेल. मित्राला आधी दिसला. "बघ, वापरती की," एवढंच बोलला, पण चेहरा असा की जणू निकाल लागला. बाईनं मला ओळखलं, टॉवेल उचलून दाखवला. आयलेट निघून आलं होतं. त्या भोकाला सेफ्टी पिन लावून तिनं हूक अडकवला होता. पिन बोटानं हलवून दाखवली आणि हसली. तिला वाईट बोलायचं नव्हतं, मला कळलं. पण माझा तो राउंड तिथंच संपला. तीन दिवसांत आयलेट! मी चेंडू कुठं मारला, कुठं गेला, काही आठवत नाही.

गेल्या हिवाळ्यात हुरड्याला परत विषय निघाला. उरलेले दोघं त्याच्या बाजूनं, म्हणे तू गपचूप द्यायला हवे होतेस, त्याच्यासमोर नाही. ह्यात थोडं तथ्य असेलही. पण गपचूप द्यायला तो गाडीतनं टक लावून बघत नसायला हवा होता ना?

म्हणून तुम्हाला सांगतो, निघायच्या आधी सोलापुरातच हिशोब करा. चार माणसं, चार राउंड, राउंडला 400 बाट, झाले 6400. बाटचा त्या दिवसाचा दर बघून रुपये काढा. ते वेगळ्या पाकिटात, एकाच माणसाच्या हातात, आणि कोर्सवर त्यावर चर्चा नाही. तुमच्या चौघांत कोणी सूतवाला असेल तर पाकीट त्याच्याकडं नको. शेंगा चटणीचं पाकीट, टॉवेल, काय प्रेमानं द्यायचंय ते वर द्या.

एकूण खर्चाचं राहिलंच. आमची ट्रिप करोनाच्या आधीच्या जानेवारीतली, माझे आकडे शिळे आहेत, ग्रीन फी त्या त्या कोर्सच्या साइटवर बघा. 2025 च्या मेपासून तिकडं जायच्या आधी ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं, ते विसरू नका, व्हिसाचे नियमही तिकीट काढायच्या आधी एकदा तपासा. मुंबईपर्यंत सिद्धेश्वर एक्स्प्रेस किंवा गाडीनं हैदराबाद, दोन्हीकडनं बँकॉकला थेट विमान आहे, मला हैदराबाद बरं वाटतं. आणि हो, माझा हँडिकॅप 24 आहे, म्हणजे खेळ बेताचाच, त्यामुळं कोर्स कसा आहे ह्यावर माझं फार ऐकू नका.

आयलेटच्या मागं आता आम्ही दुहेरी पट्टी लावतो, आणि हुकाला पाच किलोचं वजन रात्रभर टांगून बघितल्याशिवाय माल पॅक होत नाही. सूत अजून त्याच्याकडनंच घेतो.