इनऑरगॅनिक केमिस्ट्रीमध्ये संशोधन करणारा माणूस आयुष्यभर नेमकं काय करतो?

तुम्ही बीएस्सीला आहात आणि विचारताय, की इनऑरगॅनिककडे वळावं का, उत्प्रेरक 'डिझाइन' करतात म्हणजे काय करतात. माझी पीएचडी यातच झाली, आता शिकवते. ज्यांचं काम वाचून मी या विषयात टिकले, त्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड श्रॉक यांचंच उदाहरण देते.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत होते. टँटलम या धातूला निओपेंटाइल नावाचे पाच कार्बनी गट जोडायचे होते. निओपेंटाइलच का? धातूला धरलेल्या कार्बनच्या शेजारच्या कार्बनवर हायड्रोजन असला, की तो धातूकडे जातो आणि संयुग मोडतं. निओपेंटाइलमध्ये तिथे हायड्रोजनच नसतो. ती वाट बंद केली, तर एका गटाने दुसऱ्याच्या पहिल्याच कार्बनवरचा हायड्रोजन ओढून नेला! हाती आलं ते टँटलम आणि कार्बन यांच्यात दुहेरी बंध असलेलं नारंगी संयुग. १९७४ साली ते प्रसिद्ध झालं. हवं ते मिळालं नाही, पण मिळालं ते काय आहे याचा त्यांनी छडा लावला. मला यातली खरी हुशारी इथेच दिसते.

१९७५मध्ये ते एमआयटीत गेले. तिथे टंगस्टन, मग मॉलिब्डेनम या धातूंची तशीच संयुगं उत्प्रेरक म्हणून घडवली. धातूभोवती अवजड गट बसवले, की दोन रेणू एकमेकांना भिडून खराब होत नाहीत. अल्कॉक्साइडमध्ये, म्हणजे ऑक्सिजनमार्फत धातूला जोडलेल्या गटात, फ्लोरीन घातला, की धातू जास्त चपळ होतो. डिझाइन म्हणजे हे, एकेक गट बदलून पाहणं. या उत्प्रेरकांनी होणाऱ्या मेटॅथेसिससाठी, म्हणजे कार्बन-कार्बन दुहेरी बंधांच्या अदलाबदलीसाठी, २००५चं नोबेल ईव्ह शोव्हँ आणि रॉबर्ट ग्रब्ज यांच्यासह मिळालं. त्याआधी २००३मध्ये श्रॉक आणि त्यांचे सहकारी यांडुलोव्ह यांनी मॉलिब्डेनमच्याच संयुगाने, साध्या तापमानाला, नायट्रोजनचा अमोनिया केला. धातूच्या एका अणूमागे अमोनियाचे सात-आठच रेणू, पण मला हे काम नोबेलच्या कामाहून जास्त आवडतं.

आणि रोजचं काम? श्लेंक लाइन (हवा काढून नायट्रोजन भरायची नळ्यांची जोडणी), कोरडं सॉल्व्हेंट, ग्लव्हबॉक्स (हातमोजे बसवलेली हवाबंद पेटी). ही संयुगं हवा लागली की बिघडतात. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी फ्लास्कच्या बुचाला ग्रीस कमी लागलं होतं, हवा आत गेली. रात्री गडद जांभळं ठेवलेलं द्रावण सकाळी मळकट तपकिरी. तीन आठवड्यांची मेहनत गेली. मी खूप रडले आणि दुपारी तीच रिॲक्शन परत लावली.

एमएस्सीचा प्रोजेक्ट नायट्रोजनखाली काम करणाऱ्या लॅबमध्येच मागून घ्या. तिसऱ्यांदा बिघडलेली रिॲक्शन चौथ्यांदा लावावीशी वाटली, तर खुशाल या.