भाऊ तिसऱ्यांदा व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलाय. गर्दमधून (म्हणजे ब्राउन शुगर, हेरॉइनमधून) कोणी खरंच सुटतं का?

सुटतं. मी ९ वर्षं गर्द प्यायलो आणि आता ७ वर्षं क्लीन आहे. कायमचा सुटलो असं म्हणायला मात्र अजूनही जीभ रेटत नाही.

भाऊ घरी आलाय, असं तुम्ही लिहिलंय, म्हणून आधी महत्त्वाचं सांगतो. घरच्यांना वाटतं, टर्की, म्हणजे गर्द बंद केल्यावर होणारा त्रास, काढली म्हणजे जिंकलं. टर्की भयंकर असते हे खरं. नाकाडोळ्यांतून पाणी, जुलाब, हाडं कुणी पिळून काढतंय असं वाटतं. पण आठ-दहा दिवसांत ती बरीचशी ओसरते. खरा धोका त्यानंतर. बंद केल्यावर शरीराची सवय उतरते, मेंदूला मात्र जुनंच प्रमाण आठवत असतं. तेवढंच पुन्हा घेतलं तर जीवावर बेतू शकतं.

मी ५ महिने क्लीन होतो. एका संध्याकाळी कुणीतरी चॉकलेटची चांदी उलगडली. गर्द अशाच चांदीवर तापवून ओढतात. त्या चुरचुर आवाजानं माझ्या तळहाताला घाम फुटला, पोटात ढवळून आलं. कुणाला काही बोललो नाही. तासाभरात बाथरूमला आतून कडी लावून पूर्वीइतकंच प्यायलो. बहिणीनं दार फोडलं तेव्हा माझे ओठ निळे पडले होते. दवाखान्यात नॅलोक्सोन, म्हणजे गर्दचा असर उतरवणारं औषध, टोचलं म्हणून श्वास परत आला. हे औषध घरी ठेवता येईल का, डॉक्टरांना नक्की विचारा.

त्यानंतर मी बुप्रेनॉर्फिन हे या व्यसनावरचं औषध सुरू केलं. गोळी जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत गिळायची नाही, बोलायचं नाही. आई समोर बसून राहायची. तेवढी मिनिटं आम्ही दोघं नुसते एकमेकांकडे बघायचो. वर्षानुवर्षांच्या खोटेपणानंतर ती शांतता मला फार मोलाची वाटायची. ‘एक नशा सोडून दुसरी धरली’ असं लोक म्हणाले. ते साफ चूक आहे. गर्द मेंदूत जिथे जाऊन चिकटते तिथेच ही गोळी बसते, पण नेमानं घेतली तर नशेची ती उसळी येत नाही आणि टर्कीही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ सालीच तिला आवश्यक औषधांच्या यादीत घेतलंय. फक्त ती स्वतःच्या मनानं सुरू करू नये. अंगात गर्द असताना घेतली तर उलट जोरात टर्की लागते.

नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस या व्यसन सोडणाऱ्यांच्याच गटाच्या मीटिंगांनाही जायचो, अजून जातो. चांदीच्या आवाजाबद्दल मी पहिल्यांदा तिथे बोललो, आणि समोरच्या तिघांनी माना डोलावल्या.

भावाला ‘पुन्हा घेतलीस का?’ असं विचारू नका, ‘आज तलफ आली होती का?’ असं विचारा. पहिल्याला मी हमखास खोटं बोलायचो. आणि निदान पुढचे काही आठवडे त्याला आतून कडी लावू देऊ नका. का, ते त्याला स्पष्ट सांगा. माझी गोष्टही सांगा.