मुलीची तार एकदाच घट्ट आवळली तर दात लवकर सरळ होतील का?

ताई, तुम्ही लिहिलंय की 14 वर्षांच्या मुलीचे वरचे दात पुढे आहेत, दोन उपदाढा (सुळ्यामागच्या छोट्या दाढा) काढून ब्रेसेस लावल्यात, आणि दर महिन्याला कामठीहून नागपुरात धंतोलीला चकरा माराव्या लागतात. डॉक्टरांना तार एकदाच आवळून द्यायला सांगू नका. काम उलट लांबेल.

दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटरचा नाजूक पडदा असतो. तार दाताला ढकलते तेव्हा ज्या बाजूला हा पडदा दबतो, तिथलं हाड शरीर हळूहळू विरघळवतं. मागच्या बाजूला ताण पडतो, तिथे नवं हाड भरतं. यासाठी एका दाताला 50 ते 100 ग्रॅम जोर पुरतो. जास्त आवळलं की पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात, तिथल्या पेशी मरतात, आणि तो भाग साफ होईपर्यंत दात काही आठवडे जागचा हलत नाही. मुळाचं टोकही झिजू शकतं, आणि झिजलेलं मूळ परत वाढत नाही.

म्हणूनच सुरुवातीची तार 0.014 इंचासारखी बारीक, निकेल-टायटेनियमची असते. वाकड्या दातांवर कितीही वाकवून बसवली तरी ती आपल्या मूळ कमानीत परतू पाहते आणि अनेक आठवडे जवळपास सारखाच हलका जोर देते. दात ओळीत आले की चौकोनी स्टीलची तार येते. ती ब्रॅकेटच्या, म्हणजे दातावर चिकटवलेल्या छोट्या तुकड्याच्या, खाचेत जवळजवळ भरून बसते, त्यामुळे नुसता शेंडा कलत नाही, मूळही सोबत सरकतं. मग रबराच्या साखळीने फट बंद करतात: महिन्याला साधारण 1 मिलिमीटर. काढलेल्या उपदाढेची जागा साधारण 7 मिलिमीटर, म्हणजे हिशेब तुम्हीच करा.

महिने खरे वाया जातात ते ब्रॅकेट निखळल्यामुळे. चिक्की, फुटाणे, बर्फ, अख्खा पेरू बंद. तर्री-पोह्यातला नीट शिजलेला हरभरा चालेल. तर्रीने ब्रॅकेटवरची पारदर्शक रबरं पिवळी पडतात, पण ती पुढच्या वेळी बदलतातच. ब्रॅकेट तारेवर लोंबकळू लागलं तर ओढू नका आणि तारखेची वाटही पाहू नका, त्याच दिवशी फोन करा. तोवर तो दात भलतीकडे वळू शकतो. तार गालाला टोचली तर तारेच्या टोकावर ब्रेसेससाठीचं मेण लावा.

ब्रश प्रत्येक जेवणानंतर, तारेखाली बारीक ब्रश घालून. नाहीतर ब्रेसेस निघाल्यावर ब्रॅकेटभोवती पांढरे डाग दिसतात, आणि ते सहसा पूर्ण जात नाहीत.

आणि रिटेनर, म्हणजे ब्रेसेस निघाल्यावर दात नव्या जागी धरून ठेवणारं साधन, टाळू देऊ नका. वळलेला दात सरळ केला तरी हिरडीतले ताणलेले तंतू नव्या जागी रुळायला वर्षभर लागू शकतं, तोवर ते दाताला मागे ओढत राहतात.