ठसका थांबला म्हणजे वडील गिळायला लागले का?

प्रश्न : ताई, वडिलांना (वय ६८) दीड महिन्यापूर्वी लकव्याचा झटका आला. नाकातून नळी होती पण ते सारखी ओढायचे म्हणून घरी आल्यावर डॉक्टरांना सांगून काढून घेतली. आधी पाणी दिलं की ठसका लागायचा, आठवडाभर झाला आता लागत नाही. पण संध्याकाळी बारीक ताप येतो आणि जेवणानंतर घशात घरघर होते. आई म्हणते ठसका थांबला म्हणजे गिळता यायला लागलं. दुधात पोळी कुस्करून देतोय, चालेल ना? — एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : नाही, सध्या नाही. तुमचं पत्र वाचून मला काळजी वाटली म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते, आजच डॉक्टरांकडे न्या आणि छाती तपासून घ्या. बारीक ताप आणि जेवणानंतरची घरघर ही अन्न किंवा पाणी फुफ्फुसात जात असल्याची खूण असू शकते. डॉक्टर बघेपर्यंत तोंडाने काही देऊ नका, गोळ्यांचं, खास करून शुगर-बीपीच्या असतील तर, त्यांना फोन करून विचारा.

आता आईंच्या बोलण्याकडे येते. त्या असं म्हणतात त्यात त्यांची चूक नाही, आपण सगळे असंच समजतो. आपण घास गिळतो तेव्हा क्षणभर श्वास थांबतो, कंठ वर उचलला जातो, श्वासनलिकेवरचं झाकण बंद होतं आणि घास मागच्या अन्ननलिकेत जातो, हे सगळं साधारण एका सेकंदात. लकव्यानंतर हा मेळ बिघडतो आणि घास थोडा श्वासनलिकेत शिरतो, तेव्हा शरीर खोकून तो बाहेर काढतं, तोच ठसका. पण कधीकधी घशातली जाणीवच कमी झालेली असते, मग पाणी आत जातं आणि खोकला येतच नाही. म्हणजे ठसका बंद झाला याचे दोन अर्थ निघतात, एक तर बरं झालंय नाहीतर राखण करणारा झोपलाय, आणि नुसतं बघून घरी कुणालाच, अगदी मलाही, यातलं काय ते सांगता येत नाही.

म्हणून तपासणी. गिळण्याच्या त्रासावर काम करणारे स्पीच थेरपिस्ट (भारतीय पुनर्वास परिषदेची म्हणजे आरसीआयची नोंदणी विचारा) आधी वडील पूर्ण जागे आहेत का, जीभ-ओठ किती हलतात, हे बघतील, मग एकेक चमचा देऊन कंठावर बोटं ठेवून तो वर उचलतोय का बघतील आणि नंतर ‘आ’ म्हणायला लावतील, आवाज ओला, पाण्यात बुडबुडे आल्यासारखा आला तर घशात काहीतरी साचलंय. पण गुपचूप आत जाणारं यातूनही सुटू शकतं, त्यासाठी दोन तपासण्या आहेत. एक व्हिडिओफ्लोरोस्कोपी, म्हणजे बेरियम मिसळलेलं पाणी, केळं, बिस्किट असं गिळताना एक्स-रेचा व्हिडिओ काढतात. दुसरी फीज, नाकातून बारीक कॅमेरा घालून घसा बघतात, ती पलंगाशेजारीही करता येते. तुमच्या जवळ सोय नसेल तर मेडिकल कॉलेजच्या ईएनटी विभागात चौकशी करा, मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची, तिथेही विचारता येईल.

नळी परत घालायला सांगितली तर घाबरू नका. नळी म्हणजे संपलं असं नाही, झटक्यानंतर बऱ्याच जणांचं गिळणं काही आठवड्यांत सुधारतं, तोपर्यंत पोट भरायचा तो रस्ता आहे. ती लांबणार असेल तर डॉक्टर पोटातून नळी म्हणजे पेग सुचवतील. एक मात्र आहे, नळी असली तरी लाळ गिळावी लागतेच, म्हणून दात-जीभ दोन वेळा साफ करा, तोंडातले जंतू लाळेबरोबर फुफ्फुसात गेले की न्यूमोनियाची भीती वाढते. या एका गोष्टीकडे घरोघरी दुर्लक्ष होतं आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

दूध-पोळीबद्दल. मऊ दिसते खरी, पण पातळ दूध आणि पोळीचे तुकडे एकाच घासात येतात, तोंड तुकडे सांभाळतं तोवर दूध घशात पळतं, दूध-पोहे आणि पातळ आमटीत कालवलेला भात यांचंही तेच. एकसारखं घोटलेलं खिमट, गाठी नसलेलं दाट वरण, कुस्करलेलं केळं हे बहुतेकांना सोपं जातं, पण वडिलांना काय चालेल ते तपासणीनंतरच. पाणी दाट करायला सांगितलं तर दाटपणा अंदाजाने ठरवू नका, बिनसुईची १० मिलीची सिरिंज घ्या (शून्य ते दहाच्या खुणेचं अंतर साधारण ६१.५ मिलिमीटर हवं), खालचं तोंड बोटाने बंद करून १० मिली भरा, मग बोट काढून १० सेकंद वाहू द्या, १ ते ४ मिली उरलं तर किंचित दाट, ४ ते ८ उरलं तर थोडं दाट, त्याहून जास्त तर बरंच दाट. तांदळाची पेज किंवा कॉर्नफ्लोअरने दाट केलेलं पाणी तोंडातल्या लाळेने परत पातळ होतं हेही विचारात घ्या, आणि दाट पाणी माणसं कमी पितात, लघवी गडद झाली तर लगेच कळवा.

भरवताना ताठ बसवा, लकवा झालेल्या बाजूला उशीचा आधार द्या, टीव्ही बंद, छोटा चमचा, आधीचा घास गेल्याशिवाय पुढचा नाही, आणि नंतर अर्धा तास आडवं करू नका. झोपलेल्या माणसाच्या तोंडात तीर्थ, शहाळ्याचं पाणी घालू नका, कितीही प्रेमाने असलं तरी. आणि ठसका लागला की आपण ‘वर बघ, वर बघ’ म्हणतो ना, ते बंद करा, मान मागे गेली की श्वासनलिका उलट उघडी पडते. पुढे वाकवून खोकू द्या. हनुवटी छातीकडे घेऊन गिळणं काहींना उपयोगी पडतं, सगळ्यांना नाही, म्हणून थेरपिस्टनी दाखवल्यावरच करा.

प्रश्न : आईला पार्किन्सन आहे, गोळी घशात अडकते, कुटून दिली तर? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी डॉक्टरांना विचारा, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या तर डोस एकदम अंगात जातो. दह्यातून देऊ नका, लेव्होडोपाची (पार्किन्सनच्या नेहमीच्या औषधाची) गोळी असेल तर प्रथिनांमुळे ती कमी शोषली जाते, त्यापेक्षा सफरचंदाच्या मऊ गरातून चालते का विचारा. आणि जेवण गोळीचा असर चढलेला असताना द्या, तेव्हा गिळणंही बरं होतं.